तीन फुटी टाकीत दोन शार्क: तळाच्या हद्दीवरून झालेल्या संघर्षाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहरात एका दंतवैद्य मॅडमचा दवाखाना आहे. पेशंट बसतात त्या खोलीत तीन फुटी टाकी ठेवलेली आहे. तळ 36 बाय 15 इंच, पाणी सुमारे 140 लिटर. टाकी दोन वर्षं चांगली चाललेली होती. वरच्या आणि मधल्या पाण्यात आठ रोझी बार्ब आणि दोन एंजल. तळाला एक काळा, लाल शेपटीचा रेड टेल शार्क आणि तीन झेब्रा लोच. सजावटीला मधोमध एक किल्ला, उजव्या कोपऱ्यात मातीचा एक पाइप, बाकी मोकळी वाळू. दाणे टाकायचं आणि दिवे लावायचं काम दवाखान्यातल्या मावशींकडे.

रेड टेल शार्क हा शार्क नाही, तो कार्प कुळातला मासा आहे. 1931 साली शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्याला लाबिओ याच प्रजातीगटात बसवलं होतं, म्हणजे आपल्या ताटात येणाऱ्या रोहूच्या गटात. मूळचा तो थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. निसर्गात तो जवळजवळ संपलेला आहे आणि दुकानात मिळणारे मासे मत्स्यशेतीत वाढवलेले असतात. पूर्ण वाढ 12 ते 15 सेंटिमीटर. लहानपणी तो सगळ्यांत मिसळतो, बोटाएवढा झाला की मात्र तळाचा एखादा भाग आपला मानून राखायला लागतो आणि वयाबरोबर त्याचा हट्ट वाढत जातो. मॅडमचा मासा या वयात आला होता, पण त्याच्या हद्दीत घुसणारं कुणी नव्हतं. झेब्रा लोच पाठलाग झाला की किल्ल्याच्या फटीत शिरत आणि प्रकरण मिटे.

दिवाळीनंतर मॅडमनी दुकानातून एक पांढरा, लाल पंखांचा अल्बिनो रेनबो शार्क आणला. त्यामागची भावना चांगली होती. "काळा एकटाच फिरतो, बघून वाईट वाटतं, त्याला सोबत होईल," असं त्यांना वाटलं. दुकानदारानेही दोघे एकाच जातीचे, जमेल, असं सांगितलं.

काय बिघडलं

पहिले दोन दिवस काही झालं नाही. नवा मासा पाइपमागे दडून होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की रुळतोय. तिसऱ्या दिवसापासून काळा मासा त्याला टाकीभर पळवायला लागला. आठवडाभरात पांढऱ्याने तळ सोडला. फिल्टरच्या नळीमागे, पाण्याच्या वरच्या थराला, तो डोकं वर करून तिरका उभा राहायचा. शेपटीचा पंख दोन ठिकाणी उभा फाटलेला, एका कुशीवर खवले खरवडलेले. पंधराव्या दिवसापर्यंत तो इतका खंगला की पोटाची खोबण दिसायला लागली.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही. झेब्रा लोच दिवसा दिसेनासे झाले. लोच लपतातच, असं म्हणून ते सोडून दिलं गेलं. खरं तर हे लोच दोन वर्षं संध्याकाळी सहाच्या सुमाराला पेशंटसमोर वाळू हुंगत फिरायचे. माशाची सवय अचानक बदलली तर ती त्या जातीच्या स्वभावाच्या खात्यावर टाकू नये. या प्रकरणातली पहिली खूण तीच होती.

पहिला निर्णय: औषध

फाटलेले पंख बघून दुकानातून सल्ला मिळाला की पंख कुजतायत, निळं औषध टाका. मॅडमनी ते मुख्य टाकीतच टाकलं. चौथ्या दिवशी एक झेब्रा लोच मेला आणि बार्ब पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले. या टप्प्यावर मॅडमनी मला बोलावलं.

पंख कुजतो तेव्हा त्याची कड पांढुरकी किंवा लालसर, धूसर होत आत सरकत जाते. इथे पंख काट्यांच्या रेषेत सरळ चिरलेला होता, कड स्वच्छ होती. कार्प कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, त्यांचे दात घशात असतात. त्यामुळे रेड टेल शार्क लचका तोडत नाही. तो डोक्याने धडक देतो, कुशीला तोंड घासतो, पंख ओढतो. पळणारा मासा किल्ल्याच्या धारेवर आणि हीटरवर आपटून स्वतःला खरवडून घेतो. जखमांपेक्षा घातक असतं ते विश्रांती आणि अन्न न मिळणं. पांढरा मासा उपाशी होता. आजारी नव्हता.

औषधाने दुहेरी नुकसान केलं. हे निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना मारू शकतं आणि मग विषारी अमोनिया साचतो. तपासणीच्या किटमध्ये पाण्याचा रंग हिरवा आला, म्हणजे अमोनिया होता. लोचच्या अंगावरचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे औषध आणि अमोनिया या दोन्हींचा मार त्यांना इतरांपेक्षा आधी बसतो. एक तृतीयांश पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच, औषध शोषायला फिल्टरमध्ये कोळसा. बार्ब सावरले.

तळाचा नकाशा

भांडण कुणाचं आहे हे कळलं होतं. ते कशावरून आहे हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये असं मला वाटलं. रिसेप्शनवरच्या मुलीला मी कागदावर टाकीचा तळ काढून दिला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. पाठलाग जिथे सुरू होतो तिथे फुली, जिथे संपतो तिथे गोल. आठवड्याने कागद बघितला तर बहुतेक फुल्या उजव्या तृतीयांशात, पाइपच्या तोंडाभोवती होत्या. गोल डावीकडे विखुरलेले. किल्ल्याच्या डाव्या बाजूला पोचलं की काळा मासा वेग कमी करून परत वळायचा.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक माशांवर केलेला एक प्रयोग इथे आठवतो. दोन नर वेगवेगळ्या काचनळ्यांत ठेवून दोन्ही नळ्या एकाच्या हद्दीत नेल्या की त्या हद्दीचा मालक चढाई करायला बघायचा आणि दुसरा पळायला. नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की पारडं उलटायचं. मासे तेच, फक्त जागा बदललेली. (टिनबर्गन यांना 1973 मध्ये कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं.) आमच्या कागदावर हेच दिसत होतं: हद्दीच्या मध्याशी जोर जास्त, कडेला कमी. शेताच्या बांधावर भांडणारा माणूस दुसऱ्याच्या शिवारात गेला की आवाज खाली आणतो, तसं.

पण उजवा कोपराच का? पाइप तिथे होता, हे एक कारण. दुसरं कारण मावशींनी सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. "ह्यो काळा दाणं टाकायच्या आधीच पायपापाशी येऊन बसतोय बघा. मी झाकण उघडलं की त्याला कळतंय." टाकीच्या झाकणाला एकच खिडकी होती, उजवीकडे, पाइपच्या बरोबर वर. दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ बुडणारे दाणे त्याच कोपऱ्यात पडत होते. म्हणजे टाकीतला सर्वांत चांगला आसरा आणि सगळं अन्न, दोन्ही एकाच जागी. अशी जागा कुठलाही तळातला मासा राखणारच. मावशींना हे महिनोन्‌महिने माहीत होतं. टाकीत रोज हात घालणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी विचारायला हवं, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगत असतो.

समोर असलेले पर्याय

मॅडमना दोन्ही शार्क ठेवायचे होते. पांढरा त्यांच्या मुलीने निवडला होता. म्हणून आम्ही सगळे पर्याय बसून तपासले.

सजावट बदलून हद्दी पुसून टाकणं हा सर्वांत सांगितला जाणारा उपाय. खुणा हलल्या की जुन्या मालकाचा फायदा जातो आणि सगळे नव्याने सुरुवात करतात. तो स्वस्त आहे, पण त्याने तळाचं क्षेत्रफळ वाढत नाही.

गर्दी वाढवून आक्रमण विभागणं आफ्रिकन सिक्लिड या भांडखोर माशांच्या टाक्यांत वापरतात. त्याला निसर्गात आधारही आहे. जपानच्या नद्यांतला आयू मासा दगडावरचं शेवाळ आपलं म्हणून राखतो, पण मासे फार झाले की हद्द सोडून थव्यात शिरतो, कारण राखणं परवडेनासं होतं. मात्र पावणेचार चौरस फुटांच्या तळात शार्कची गर्दी करायची म्हणजे पाण्याची वाट लावायची. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

काळ्याला काही दिवस वेगळं काढून पांढऱ्याला तळात बस्तान बसवू देणं, मग काळ्याला परत सोडणं. हे कधीकधी चालतं. पण दोघांच्या आकारात फरक होता आणि पांढरा अशक्त होता. शिवाय हे यशस्वी झालं असतं तर पळणारा बदलला असता, पळणं थांबलं नसतं. रेनबो शार्क वाढल्यावर तितकाच हट्टी होतो.

मोठी टाकी हा खरा उपाय, पण खोलीत जागा नव्हती आणि मासा तोवर जगला नसता.

उरला एकाला दुसरं घर देण्याचा पर्याय. कुणाला? मॅडमचा कल काळ्याला घालवण्याकडे होता, कारण त्रास तो देत होता. माझं मत उलट होतं. काळा त्याच्या जातीला धरून वागत होता, दोन वर्षं त्या टाकीत नीट जगला होता, आणि पूर्ण वाढलेल्या रेड टेलला घर मिळणं कठीण असतं. पांढरा लहान होता, त्याला मोठ्या टाकीत सामावून घेणं सोपं. यावर आमचा बराच वाद झाला.

"नदीत सोडून देऊ का?" असा प्रश्न रिसेप्शनवरच्या मुलीने साध्या मनाने विचारला. हा पर्याय कधीच नसतो. टाक्यांतून बाहेर पडलेले दक्षिण अमेरिकेतले सकर मासे आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रातल्या तळ्यांत मच्छीमारांची जाळी फाडतायत.

काय केलं

मॅडमच्या इच्छेला एक संधी द्यायची असं ठरलं, पण पांढऱ्याला आधी खाऊपिऊ घालून. भाजीच्या क्रेटची जाळी कापून टाकीचा डावा तृतीयांश वेगळा केला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की काळा मासा जाळीसमोर येरझाऱ्या घालतोय, कारण पलीकडचा दिसतो. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला काळा प्लास्टिक कागद लावला, येरझाऱ्या कमी झाल्या. पांढरा आठवड्यात खायला लागला, पंखाच्या चिरा भरायला लागल्या. यात औषधाचा थेंबही लागला नाही.

मग सजावट बदलली. किल्ला काढला. करवंट्या, अर्ध्या तोडलेल्या कुंड्या, दीड इंची पाइपचे तुकडे आणि काळ्या दगडांचे ढीग असे सहा आसरे तळभर विखुरले आणि दगड असे रचले की एका टोकावरून दुसरं टोक दिसू नये. या मांडणीत आसऱ्यांच्या संख्येपेक्षा नजर अडणं महत्त्वाचं असतं. जो दिसत नाही त्याच्यावर धावून जाता येत नाही. झाकणाला डावीकडे दुसरी खिडकी कापून घेतली. दिवे मालवल्यावर जाळी काढली.

चार दिवस शांतता होती. पाचव्या दिवशी पाठलाग परत सुरू झाला, यावेळी मधल्या दगडांपासून. काळ्याने नवी हद्द आखली होती आणि ती आधीपेक्षा मोठी होती, कारण आता दाणे दोन्हीकडे पडत होते. हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. अन्न दोन ठिकाणी विभागलं की हद्द सैल होते हा माझा अनुभव आहे, पण राखणारा मासा मोठा आणि टाकी लहान असेल तर तो दोन्ही जागा राखू शकतो.

काय झालं तर थांबायचं हे आम्ही आधीच ठरवून लिहून ठेवलं होतं: पांढरा पुन्हा वरच्या थराला राहू लागला किंवा सलग दोन वेळा खायला आला नाही, तर त्याच दिवशी काढायचा. सहाव्या दिवशी दोन्ही गोष्टी झाल्या. त्याच संध्याकाळी तो एका परिचिताच्या पाच फुटी टाकीत गेला. तिथे तळाला दुसरा शार्क नाही. आपल्या मुलीला तिथे नेऊन तो दाखवला, हे मॅडमनी चांगलं केलं.

मग लोचचा प्रश्न. दोनच उरले होते, आणि दोन ही त्यांच्यासाठी वाईट संख्या. झेब्रा लोच गटाने राहणारा मासा आहे. गटात उतरंड असते, तिच्यावरून ढकलाढकली होते, कधी टिकटिक असा आवाजही ऐकू येतो. पाच-सहा असले की हा ताण वाटला जातो. दोन असले की एक सतत मार खातो. तीन असतानाही हेच थोड्याफार प्रमाणात चाललं असणार.

पण नवे लोच आणायचे कुठून? झेब्रा लोच पश्चिम घाटातलाच, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यात आलेल्यांमध्ये आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातल्या जातींचे किमान 15 लाख गोड्या पाण्यातले मासे शौकिनांसाठी परदेशी गेल्याचं नोंदवलं आहे, आणि त्यात सर्वाधिक वाटा असलेल्या तीन जातींत झेब्रा लोच आहे. ज्या नदीकाठी हा दवाखाना आहे, तिच्याच उपनद्यांतून पकडलेला मासा दुकानातून घ्यायला मॅडम तयार नव्हत्या, आणि मला ते मनापासून पटलं. सुदैवाने टाकी बंद करणाऱ्या एका शौकिनाकडे चार लोच होते. त्यांच्या डोळ्यांखाली उघडमीट होणारा काटा असतो, तो जाळ्यात अडकतो, म्हणून ते मगने पकडले. आठवडाभर वेगळ्या टबात ठेवले. मग काळ्याला क्रेटच्या जाळीमागे एका रात्रीपुरतं कोंडून, दगड पुन्हा हलवून, अंधारात चौघांना सोडलं.

परिणाम

सहा महिन्यांनंतरचं चित्र असं. सहाही लोच जिवंत आहेत आणि संध्याकाळी परत बाहेर दिसतात. काळा त्यांच्यावर धावतो, पण धाव हातभर जाऊन थांबते. सहा जणांतला कोणता पळवायचा हे त्याला ठरत नाही, आणि लोचचा आकार-रंग त्याच्या स्वतःच्या आकारासारखा नाही. रेनबो शार्कची ठेवण मात्र हुबेहूब त्याच्यासारखी होती. रंग पांढरा असला तरी शरीराची रेषा, पोहण्याची पद्धत, खाण्याची जागा सगळं तेच. म्हणून सर्वांत कडवा विरोध त्यालाच झाला. दुकानदार "एकाच जातीचे, जमेल" म्हणाला होता, ते नेमकं न जमण्याचं कारण होतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जुन्या दोन लोचपैकी एक अजूनही बारीक आहे आणि खाताना मागे राहतो. काळ्याचा रंग जाळीमागच्या रात्रीनंतर काही आठवडे करडा पडला होता, आता परत आला आहे. दगडांचे ढीग वाढल्याने त्यांच्यात दाणे अडकतात, म्हणून मावशींना दर आठवड्याला नळीने तळ उपसावा लागतो. हे काम त्यांच्या अंगावर वाढलं. दाणे टाकण्याची वेळ मात्र त्यांनी स्वतः बदलली. वरच्या माशांना आधी तरंगणारे दाणे, आणि दवाखाना बंद करताना, दिवा मालवल्यावर, बुडणारे दाणे तीन ठिकाणी. अंधारात काळ्याला तिन्ही जागा राखता येत नाहीत आणि लोच पोटभर खातात. या प्रकरणात सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला बदल बहुधा हाच.

कुठे वेगळं करता आलं असतं

पांढरा मासा आणायलाच नको होता, हे खरं, पण त्या क्षणी कुणी मॅडमना विचारलं असतं की तळाला आधी कोण आहे, तर ते टळलं असतं. टाकीत किती मासे मावतील हे आपण लिटरवर मोजतो. 140 लिटरमध्ये आणखी एक मासा सहज मावतो. तळातल्या माशांचा हिशेब मात्र चौरस फुटांचा आणि नजरेच्या टप्प्याचा असतो, आणि त्या हिशेबाने ही टाकी आधीच भरलेली होती. रेड टेलच्या एकटेपणाची दयाही चुकीच्या जागी होती. तो एकटा राहणाराच मासा आहे. सोबतीची खरी गरज तीनच असलेल्या लोचना होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही.

दुसरी संधी तिसऱ्या दिवशी होती. पाठलाग सुरू झाला त्याच दिवशी जाळी टाकली असती तर औषध टाकण्याची वेळ आली नसती आणि लोच वाचला असता. क्रेटची जाळी आणि कात्री घरात आधीच असावी.

तिसरा प्रश्न माझ्या मनात अजून आहे: जाळी काढून केलेला दुसरा प्रयत्न आवश्यक होता का? माझं स्वतःचं मत तेव्हाही नकाराकडे झुकत होतं. त्या सहा दिवसांत पांढऱ्याला पुन्हा ताण झाला. पण थांबण्याची अट आधी लिहिलेली होती, म्हणून ती वेळेवर पाळली गेली आणि मासा न खंगता बाहेर पडला. अट नसती तर "अजून दोन दिवस बघू" असं म्हणत तो बहुधा मेला असता.

रेड टेल आठ-दहा वर्षं जगू शकतो, त्यामुळे मॅडम आता प्रतीक्षाकक्षाची मांडणी बदलून चार फुटी टाकीचा विचार करतायत. दुकानाने त्यांना दोन फूट उंच टाकी सुचवली, ती बसलेल्या पेशंटना छान दिसेल म्हणून. मी 48 बाय 18 इंचांचा तळ आणि दीड फूट उंची सांगितली आहे. उंचीतले ते सहा इंच कमी केले तर वाचलेल्या काचेच्या पैशांत स्टँड भक्कम करून घेता येईल, आणि तळातल्या माशांना सहा चौरस फूट मिळतील.